फिकी रेघ

“जुळलं! सगळंच्या सगळं जुळलं!”

प्रोफेसर आत शिरले ते धाडकन दार ढकलूनच. काळ्या पडद्यांच्या त्या खोलीचं दार असं एकदम उघडायची कुणालाच परवानगी नव्हती, त्यांनाही नव्हती. बाहेरचा उजेड आत घुसला तशा सूक्ष्मदर्शकांवर वाकलेल्या सगळ्या बायकांनी डोळे गच्च मिटले. खोलीचा कारभार बघणाऱ्या मोठ्या बाई ओरडल्या, “दार, सर, दार!”

“लावतो, लावतो. आधी ऐका. कोपऱ्यातल्या जोडीच्या नोंदी ताडून झाल्या. अशी जोडी मी आजवर पाहिली नाही. एकीनं पाहिलं ते दुसरीनं पाहिलं. एकीला नाही दिसलं ते दुसरीलाही नाही. कुठे आहात घारीबाई? तुमच्या डोळ्यांना तोड नाही!”

बायकांनी टाळ्या वाजवल्या. “डोळे कसले, दुर्बिणी आहेत त्या,” एक म्हणाली. दुसरी म्हणाली, “नणंद-भावजयीचं जुळलं हे त्याहून मोठं नवल. तेच छापा, सर.” हशा पिकला. प्रोफेसरही हसले.

घारी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती. हातातली तेलाची काचकांडी तिनं जपून बाटलीत ठेवली. शेजारच्या स्टुलावर तिची भावजय होती. तिनं मान वर केली नाही. ती नॉब फिरवत राहिली, आणि कामाचा इतका उमाळा तिला एरवी कधी येत नसे.

जुळणं शक्यच नव्हतं. गेले कित्येक महिने घारीला फिकी रेघ दिसतच नव्हती.

त्या खोलीतलं काम सांगायला सोपं होतं. फोटोच्या काचेला असतो तसला, पण पुष्कळ जाड लेप दिलेल्या प्लेटी फुग्यांना बांधून आभाळात उंच सोडायच्या. तिथे कुठून कुठून आलेले कण त्या लेपात घुसतात आणि जाताना मागे ठिपक्यांची रेघ सोडतात. प्लेट खाली आणून धुतली की रेघ उमटते. पण ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. भिंग आणि प्लेट यांच्यामध्ये तेलाचा थेंब सोडायचा आणि प्लेट केसाकेसानं सरकवत शोधत बसायचं. बायका म्हणायच्या, लोक डोळ्यांत तेल घालून काम करतात, आपण भिंगाला घालतो.

त्यांतली कुणी पदार्थविज्ञान शिकलेली नव्हती. नवी बाई आली की प्रोफेसर तिला समोर बसवून तेवढ्यापुरतं सांगत. टेबल घ्या, दगड घ्या, आपलं हाड घ्या, सगळं अणूंचं. अणूच्या मधोमध गाभा, आणि त्याच्याभोवती इलेक्ट्रॉन. अणू या इमारतीएवढा केला, तर गाभा वाळूच्या बारीक कणाएवढा भरेल. बाकी सगळं रिकामं.

भावजय कामावर आली त्या दिवशी तिनं हे नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे हे टेबल रिकामंच आहे?”

“बहुतेक सगळं रिकामं.”

“मग गुडघा आपटला की लागतं कशाला?”

प्रोफेसर खूश झाले. म्हणाले, हाच खरा प्रश्न. गुडघ्यातले इलेक्ट्रॉन आणि टेबलातले इलेक्ट्रॉन एकमेकांना दूर लोटतात, लागतं ते त्यामुळे. टेबलाचं आतलं काही आपल्या आतल्या कशाला भिडत नाही.

“म्हणजे शिवायचं नाही, लांबूनच ढकलायचं,” भावजय म्हणाली. “कळलं. आमच्या घरी वन्संचं आणि माझं तसंच आहे.”

वन्सं म्हणजे घारी, तिच्या नवऱ्याची मोठी बहीण. तेव्हा नवरा जाऊन फार दिवस झाले नव्हते. तो असताना या दोघींमध्ये नणंद-भावजयीत जे काही असतं ते सगळं होतं: भांड्यांवरून, किल्ल्यांवरून, कुणी कुणाला काय म्हटलं त्यावरून. तो गेला आणि भांडायला कारण उरलं नाही, बोलायलाही उरलं नाही. मग घारीनंच तिला या खोलीत आणलं. स्वतःच्या शेजारी बसवलं आणि बघायला शिकवलं.

बघायला शिकवावं लागतं. नव्या बाईला पहिले काही दिवस धूळ, ओरखडे आणि बुडबुडे एवढंच दिसतं. घारी तिच्या कानाशी हळू आवाजात सांगे, “तो बघ, काळा, जाडसर. तो दोरा. जड कण आहे, किंवा दमलेला. दमला की पावलं जवळ जवळ पडतात, म्हणून ठिपके दाट होतात. आता त्याच्या मागे मागे जा. बघ, इथे संपला. इथे बसला.” कण थांबला याला त्या खोलीत ‘बसला’ म्हणत. “आता टोकाशी थांब. घाई करू नकोस. त्याच्यातून कुणी उठतंय का बघ.” कधीकधी बसलेल्या कणातून दुसराच निघे, हलका, भरधाव. त्याचे ठिपके विरळ, एकमेकांपासून लांब, जवळजवळ नसल्यासारखे. ती फिकी रेघ. तिला बायका केस म्हणत. केस ओळखणारी बाई खरी, असा त्या खोलीचा रिवाज होता, आणि केस ओळखण्यात घारीचा हात धरणारं कुणी नव्हतं. डोळे घारे म्हणून लहानपणी चिडवायला ठेवलेलं नाव इथे मानाचं झालं होतं.

प्रोफेसरांचा सगळा प्रश्न त्या केसाचाच होता. ते ज्या जातीच्या कणांमागे होते, त्यांतले कितीजण बसल्यावर केस सोडतात आणि किती नुसतेच संपतात? दूरच्या एका प्रयोगशाळेनं सांगितलं होतं की बहुतेक सगळे सोडतात. प्रोफेसरांच्या प्लेटींवर तसं दिसत नव्हतं. अलीकडे तर फारच कमी.

माणसाची नजर चुकते म्हणून एक नियम होता. प्रत्येक प्लेट दोघींनी बघायची, वेगवेगळी, एकमेकींशी अवाक्षर न बोलता. एका खेपेच्या प्लेटी संपल्या की दोघींच्या नोंदी ताडून बघत. जिथे जुळत नाही तिथे तिसरी बसे. जिथे जुळलं ते खरं. म्हातारं माणूस सांगेल की दोन साक्षीदार जुळले म्हणून गोष्ट खरी ठरत नाही, पण त्या खोलीत तसं म्हणायचं कुणाला सुचलं नव्हतं.

घारीच्या डोळ्यांचं आधी तिच्याच लक्षात आलं नाही. अक्षरं मधेच तुटायची, तेव्हा तिला वाटलं की छपाई वाईट झाली आहे. मग माणसांच्या चेहऱ्याच्या मध्यावर धूर बसायला लागला. डॉक्टरनं बाहुल्यांत उजेड मारून पाहिलं आणि म्हणाला, “मागचा पडदा मधोमध झिजलाय. कडेचं दिसत राहील. मधलं जाणार.” चष्मा? नाही. ऑपरेशन? नाही. “काम काय करता?” त्यानं विचारलं. तिनं सांगितलं, तेव्हा त्यानं हातातला दिवा विझवला.

तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगायला जीभच उचलेना. पण मनाशी एक ठरवलं होतं. नोंदी ताडतील तेव्हा भावजयीच्या नोंदीत केस असतील, आपल्या नोंदीत नसतील. तिसरी बसेल. मोठ्या बाई एकदा बोलावतील, दोनदा बोलावतील आणि मग स्वतःच म्हणतील, घारी, आता पुरे. जे आपल्याच्यानं बोलवत नाही ते नियम बोलेल. ती त्या बोलावण्याची वाट बघत होती.

तिच्या वाट्याला आल्या त्या टाळ्या.

संध्याकाळी घरी दोघी मटार सोलत बसल्या. या कामाला डोळे लागत नाहीत. शेंग अंगठ्यानं दाबली की आपली उघडते.

“किती दिवस चाललंय हे?” घारीनं विचारलं.

“काय चाललंय?”

“ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस.”

भावजयीनं दोन शेंगा सोलल्या. मग म्हणाली, “वन्सं, परवा भाजीत मिठाच्या जागी साखर पडली. मी मुकाट्यानं खाल्ली. बोलले काही?”

“भाजी माझी होती. प्लेट आपली नव्हे. तू प्लेटीत साखर घातलीस.”

“मी काही घातलं नाही. काढलं फक्त.” तिचा आवाज चढला. “केस दिसला की थांबायची. म्हणायची, हा वन्संना दिसेल का? नाही दिसायचा. मग पुढे जायची. आधी एखादाच सोडला. मग कुठला सोडायचा, कुठला ठेवायचा याचा ताळमेळ लागेना. म्हणून फिके होते तेवढे सगळेच सोडले.”

“सगळेच!”

“तुम्हाला उठवलं असतं त्यांनी तिथून. मागच्या खेपेला एका जागी जुळलं नाही तेव्हा मोठ्या बाई काय म्हणाल्या माहीत आहे? ‘घारीचं वय झालं वाटतं.’ हसून म्हणाल्या. मला नाही हसू आलं.”

घारीच्या हातातली शेंग तशीच राहिली. जिच्याशी किल्ल्यांवरून वर्षानुवर्षं अबोला धरला, ती बाई आपल्यासाठी रोज दिवसभर आंधळी होत होती. याला काय म्हणावं ते तिला कळेना.

“सर परवा निघणार,” ती म्हणाली. “त्या दूरच्या प्रयोगशाळेत सगळ्यांसमोर उभे राहून सांगणार की तुमचं चुकलं, या कणांतून केस निघत नाही. का? तर आमची एक जोडी आहे, तिचं कधी चुकत नाही.”

“सांगू देत. मोठी माणसं आहेत, पडली तरी उठतील. एका रेघेनं कुणाचं काय अडलंय हो? जगाचं रहाटगाडगं थांबलंय?”

“ती रेघ तिथे आहे की नाही?”

“आहे.”

“मग झालं.” घारीनं हातातली शेंग सोलली. “अगं, तो कण कुठल्या कुठे, आभाळात मेला. बघायला चिटपाखरू नव्हतं. एक काच होती. ती काच सरांनी आपल्या हातात दिली, स्वतःच्या डोळ्यांनी बघितली नाही. आपण म्हटलं बसला, की बसला. आपण म्हटलं उठला, की उठला.”

“आणि तुम्ही जाऊन सांगितलंत, की मग मी काय? तुमचे डोळे गेले, त्यात तुमचा दोष नाही. मी डोळे असून खोटं लिहिलं. मला ठेवतील? दोघी घरी बसलो तर चूल कशावर पेटायची? तुमचा भाऊ येणार आहे पेटवायला?”

मग तिचं तिलाच कसंतरी झालं. तिनं सालं गोळा केली, पुन्हा खाली ठेवली. “झाकली मूठ राहू द्या, वन्सं. मी बघत जाईन तुमच्या वाटचं. हळूहळू पुन्हा केस लिहायला लागेन, तुम्हाला खूण करेन. कुणाला कळायचं नाही.”

“रडतेस काय?”

“नाही.”

“मला तोंड दिसत नाही, पण नाक ऐकू येतं. ऊठ, पाणी ठेव.”

दुसऱ्या दिवशी घारी आधी निघून गेली. भावजय अंघोळ करून बाहेर आली तेव्हा दार नुसतं ओढून घेतलेलं होतं.

प्रोफेसर काळोख्या खोलीतच होते. मोठ्या बाईंबरोबर ते प्रवासात दाखवायच्या प्लेटी निवडत होते. घारी त्यांच्यासमोर उभी राहिली.

“सर, माझे डोळे गेलेत.”

“थकलेत, गेले नाहीत,” प्रोफेसर म्हणाले. “मी परत आलो की सुटी घ्या. डोळे गेले असते तर नोंदी जुळल्या असत्या का?”

“त्याचंच सांगायला आलेय. आधी मला बसवून बघा.”

एव्हाना बाकीच्या बायका येऊन आपापल्या जागी बसत होत्या. भावजय दारातून आत आली आणि तिथेच उभी राहिली. मोठ्या बाईंनी कपाटातून शिकवायची प्लेट काढली, भिंगाखाली लावली. घारी बसली, डोळे लावले, नॉब थोडा फिरवला आणि मान वर केली.

“ही नको. ही मला पाठ आहे. दोरा उजवीकडून येतो, मधे बसतो, केस डावीकडे वर जातो. न बघता सांगेन आणि पास होईन. दुसरी लावा.”

मग प्रोफेसरांनी स्वतः एक प्लेट लावली, अजून कुणीच न पाहिलेली. स्वतः शोधून एक जागा धरली आणि बाजूला झाले. घारीनं बराच वेळ पाहिलं. मान तिरकी केली, कडेनं पाहिलं, पुन्हा सरळ केली.

“दोरा आहे,” ती म्हणाली. “बसलाय. पुढे काही नाही.”

“नीट बघा, बाई.”

“नीटच बघितलं. काही नाही.”

मोठ्या बाईंनी पाहिलं. मग आणखी एकीनं पाहिलं, ती तर अलीकडेच लागलेली. “केस आहे की,” ती चटकन बोलून गेली आणि मग तिनं तोंडावर हात ठेवला.

प्रोफेसर खुर्ची ओढून बसले. त्यांचा आवाज आला तो खालून आल्यासारखा. “मग तुमच्या नोंदी जुळल्या कशा?”

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. भावजय पुढे आली. तिनं तोंड उघडलं असेल नसेल, तोच घारी म्हणाली,

“मी सांगितलं तिला.”

“काय सांगितलं?”

“फिके केस लिहायचे नाहीत म्हणून. ते लेपातले डाग असतात, आता ते धरायचे नाहीत, असं वरून आलंय, म्हटलं.”

“वरून म्हणजे?”

“तुमचं नाव घेतलं, सर.”

“माझं?”

“हो. तुमचं नाव घेतल्याशिवाय तिनं ऐकलं नसतं. ती खोटं लिहिणारी नाही.”

मोठ्या बाई भावजयीकडे वळल्या. “आणि तू मला एका शब्दानं विचारलं नाहीस?”

“तेही मीच सांगितलं,” घारी म्हणाली. “प्लेटींबद्दल खोलीत बोलायचं नाही हा तुमचाच नियम. तो तिनं पाळला.”

“सर,” भावजय म्हणाली, “वन्सं काहीतरीच...”

“मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलू नये,” घारी म्हणाली. तिनं आवाज वाढवला नव्हता. किल्ल्यांच्या दिवसांत ती असंच बोलत असे, आणि तेव्हा भावजयीला तिचा राग येई. आता भावजय एक पाऊल मागे सरली.

प्रोफेसर दोघींकडे बघत राहिले. त्यांना काय कळलं आणि काय नाही हे घारीला कळायला मार्ग नव्हता. त्यांचा चेहरा तिला दिसत नव्हता.

“एवढी वर्षं,” ते म्हणाले, “कुणी मला विचारलं की तुमच्या निष्कर्षाला आधार काय, तर मी सांगायचो, आमच्याकडे एक बाई आहे.” मग मोठ्या बाईंना म्हणाले, “तिकडे कळवा, मी येत नाही. या जोडीच्या सगळ्या प्लेटी पुन्हा बघायच्या. पहिलीपासून.” आणि मग, कुणाचंच नाव न घेता, “हिला दुसरी जोडीदारीण द्या. या बाईंना जाऊ द्या.”

पुढे त्या खोलीत नवी बाई आली की अणू आणि गाभा सांगून झाल्यावर बायका आणखी एक गोष्ट सांगायला लागल्या: नात्यातल्या दोघींनी एका प्लेटीवर बसायचं नाही, कारण इथे पूर्वी एक घारी म्हणून होती, तिनं सरांचं नाव घेऊन खोटं लिहवून घेतलं. ज्यांना घारीनं बघायला शिकवलं होतं, त्याच ती गोष्ट सांगत. सांगताना भावजय खोलीत असली तर ती खाली वाकून काहीतरी बघत राही. तिला काय दिसत असेल ते कुणी विचारलं नाही.

त्या सकाळी सरांचं बोलून झालं तशी घारी स्टुलावरून उठली. भिंगावरचं तेल तिनं मऊ कागदानं टिपलं, एकदा, दोनदा, मग बोटाच्या पेरानं चाचपून पाहिलं. तेल राहिलं की दुसऱ्या बाईला सगळं धुरकट दिसतं. प्लेट काढून मोठ्या बाईंच्या हातात दिली. भावजय तिच्यामागे दाराकडे यायला लागली तेव्हा ती न वळता म्हणाली, “तू कुठे? बस जागेवर. प्लेटी पुष्कळ आहेत.”

बाहेर लांबलचक वऱ्हांडा होता आणि त्यात लख्ख ऊन आलं होतं. ती दाराशी थांबली, मग भिंतीला हात लावून चालायला लागली. मधे खिडक्या होत्या तिथे हात सुटायचा, पुढे पुन्हा भिंत लागायची. समोरून कुणीतरी येत होतं. अंगरख्याचा पांढरा रंग कडेनं दिसला, बूट दिसले, चेहऱ्याच्या जागी काही नव्हतं.

“काय घारीबाई, आज लवकर?”

आवाज ओळखीचा होता, पण कुणाचा ते चटकन आठवेना.

“हो,” ती म्हणाली, “आज लवकर झालं.” आणि तो बाजूनं निघून जाईपर्यंत तिनं भिंतीवरचा हात काढून घेतला.